डेव्हिड लो: एका व्यंगचित्रकाराची कारकीर्द

इ. स. १९४५ सालीं जर्मनीचा पाडाव झाल्यावर विजयी राष्ट्रांच्या हातीं जे सरकारी कागद लागले, त्यांत एक छापील यादी सांपडली. १९४० सालीं इंग्लंडवरील स्वारी यशस्वी झालीच, तर त्या देशांत पाऊल ठेवतांच कोणाकोणाला पकडावयाचें, याची ती यादी होती. तींत अडीच हजारांहून अधिक नांवें होतीं. चर्चिल यांचें नांव त्यांत होतें यांत नवल नाहीं. मंत्री होते, मुत्सद्दी होते, जर्मनींतून निसटून आलेले विद्वान् होते. आणि ह्या सर्वांच्या पंक्तीला असा एक मनुष्य बसविलेला होता कीं, ज्याच्या हाताखालीं एक शिपाईदेखील नव्हता. कुंचला आणि शाईची दौत एवढींच त्याचीं हत्यारें. लंडनच्या एका सायंकालीन वर्तमानपत्रांत तो आठवड्यांतून चार वेळां चित्र काढीत असे. त्याचें नांव डेव्हिड लो.

ज्या सत्तेपाशीं रणगाडे होते, विमानें होतीं, तुरुंग आणि छळछावण्या होत्या, तिला एका चित्रकाराची एवढी धास्ती कां वाटावी? ह्या प्रश्नाचें उत्तर लोच्या कारकीर्दींतच सांपडतें. म्हणून ती कारकीर्द आज थोडक्यांत आपणांपुढें मांडावयाची आहे.

लोचा जन्म ७ एप्रिल १८९१ रोजीं न्यू झीलंडमधील ड्युनेडिन येथें झाला. बाळपण गेलें तें क्राइस्टचर्च ह्या शहरीं. त्याचा थोरला भाऊ अकालीं वारला, तेव्हां अतिअभ्यासानें त्या मुलाची प्रकृति खालावली असा आईबापांचा समज झाला, आणि त्यांनीं डेव्हिडला शाळेंतून काढून घेतलें. ही गोष्ट त्याच्या पथ्यावरच पडली. विलायतेहून येणाऱ्या विनोदी नियतकालिकांतील चित्रें पाहून, तीं पुन्हां पुन्हां गिरवून, तो आपल्या आपण चित्रकला शिकला. वयाच्या अकराव्या वर्षीं त्याचें एक चित्र विलायतेंतील एका साप्ताहिकांत छापून आलें. पुढें थोड्याच वर्षांत तो क्राइस्टचर्चच्या 'स्पेक्टेटर' पत्रांत राजकीय व्यंगचित्रें काढूं लागला, आणि १९११ सालीं सिडनीच्या 'बुलेटिन' ह्या सुप्रसिद्ध साप्ताहिकांत त्याला जागा मिळाली. त्या वेळीं तो अवघा वीस वर्षांचा होता.

ऑस्ट्रेलियांत त्याला त्याचें पहिलें मोठें सावज मिळालें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत तेथील मुख्य प्रधान विल्यम ह्यूज हे होते. मूर्ति लहान, आवाज मोठा आणि स्वभाव विलक्षण तापट. १९१६ सालीं ते विलायतेला गेले, त्या वेळचें लोचें चित्र फार गाजलें. ह्यूज गर्जत आहेत, ब्रिटिश मंत्री जीव मुठींत धरून आडोसा शोधीत आहेत, आणि मुख्य प्रधान ॲस्क्विथ लॉइड जॉर्ज यांना विनवीत आहेत कीं, बाबा रे, ह्यांच्याशीं वेल्श भाषेंत बोल आणि ह्यांना एकदांचें शांत कर. ह्यूज आणि लॉइड जॉर्ज हे दोघेही वेल्श वंशाचे, ही त्यांतली खुबी. अशा चित्रांचा संग्रह १९१८ सालीं 'बिली बुक' ह्या नांवानें निघाला आणि हातोहात खपला. सत्तेच्या मोठ्या आवाजाआड पुष्कळदां एक लहानशी मूर्ति दडलेली असते, हा धडा लो येथेंच शिकला असावा. पुढें ज्या आवाजांनीं सारें युरोप दणाणून सोडलें, त्यांच्याकडेही त्यानें ह्याच दृष्टीनें पाहिलें.

'बिली बुक' अर्नोल्ड बेनेट ह्या कादंबरीकाराच्या दृष्टीस पडलें. त्यांनीं लोची जाहीरपणें वाखाणणी केली, आणि १९१९ सालीं लंडनच्या 'स्टार' पत्राकडून लोला बोलावणें आलें. हें पत्र उदार पक्षाचें. महायुद्ध नुकतेंच संपलेलें. लॉइड जॉर्ज यांच्या हाताखालीं उदार पक्षाचा एक तुकडा आणि हुजूर पक्ष यांचें संयुक्त सरकार कारभार पाहात होतें. लोनें ह्या सरकारचें एक गाढव केलें, आणि त्याच्या दोन टोकांना दोन तोंडें बसविलीं. दोन्ही तोंडें आपापल्या दिशेला ओढणार. मग गाढवानें चालावें तरी कोठें? एका संयुक्त मंत्रिमंडळाच्या अडचणीवर पांच अग्रलेख लिहून जें सांगतां आलें नसतें, तें ह्या एका जनावरानें सांगितलें.

यानंतर त्याच्या आयुष्यांतील सर्वांत महत्त्वाचें पर्व सुरू होतें. 'ईव्हनिंग स्टँडर्ड' पत्राचे मालक लॉर्ड बीव्हरब्रुक हे साम्राज्यवादी, हुजूर पक्षाचे आणि आपलीं मतें आपल्या पत्रांतून हिरीरीनें मांडणारे गृहस्थ. लोचीं मतें डावीकडे झुकणारीं. तरीही बीव्हरब्रुकांना लो हवा होता, कारण लोचें चित्र असलेलें पत्र लोक विकत घेत. बरेच दिवस लोनें दाद दिली नाहीं. अखेर १९२७ सालीं तो आला, पण आपल्या अटीवर. विषय कोणता निवडावा आणि तो कसा रंगवावा, याचें पूर्ण स्वातंत्र्य चित्रकाराला राहील, असें करारांत लिहून घेतल्यावरच तो आला.

वर्तमानपत्राच्या व्यवसायाशीं ज्यांचा कांहीं संबंध आला असेल, त्यांना ह्या एका कलमाचें मोल कळेल. मालकाच्या पत्रांत, मालकाच्या कागदावर, मालकाच्या मताविरुद्ध आठवड्यांतून चार वेळां चित्र छापून यावयाचें! वरच्या बाजूस अग्रलेखांत एखाद्या मंत्र्याची स्तुति असावी आणि खालीं लोच्या चित्रांत त्याच मंत्र्याची फजिती असावी, असे प्रसंग नित्याचे झाले. वाचक संतापून पत्रें लिहीत. तींही छापलीं जात. स्वतः मालकालाही लोनें सोडलें नाहीं. बुटकी मूर्ति, मोठें डोकें आणि कानापर्यंत पोंचणारें हास्य अशा रूपांत बीव्हरब्रुक त्याच्या चित्रांतून वावरूं लागले. हें स्वातंत्र्य सदैव अबाधित राहिलें असें मात्र नाहीं. लोचीं कांहीं चित्रें छापलीं गेलीं नाहींत, हेंही सांगितलें पाहिजे. परंतु त्या काळांतील कोणत्याही मोठ्या पत्रांत एवढी मोकळीक दुसऱ्या चित्रकाराला क्वचितच मिळाली असेल.

त्याच्या कामाची पद्धति पाहण्यासारखी आहे. त्याची रेषा कुंचल्याची. जाड, काळी, वळणदार आणि इतकी सहज कीं, पाहणाऱ्याला वाटावें, हें चित्र दोन मिनिटांत काढलें असेल. वस्तुतः त्यामागें कित्येक तासांची खटपट असे. कच्चीं चित्रें काढावयाचीं, खोडावयाचीं, पुन्हां काढावयाचीं, आणि शेवटीं मेहनतीची खूण राहूं द्यावयाची नाहीं. शक्य तेथें ज्याचें चित्र काढावयाचें त्याला तो आधीं प्रत्यक्ष पाहून येई. मनुष्य उभा कसा राहतो, टोपी कशी घालतो, पाठमोरा कसा दिसतो, ह्या गोष्टी छायाचित्रांत सांपडत नाहींत. नाक दुप्पट लांब केलें म्हणजे व्यंगचित्र होत नाहीं. ज्या एका लकबींत मनुष्याचा स्वभाव उतरलेला असतो ती लकब हेरली म्हणजे तें होतें.

१९३४ सालीं त्यानें एक असें पात्र निर्माण केलें कीं, त्याचें नांव इंग्रजी शब्दकोशांत जाऊन बसलें. तें पात्र म्हणजे कर्नल ब्लिंप. टक्कल पडलेला, गोल गरगरीत, पांढऱ्या झुपकेदार मिशांचा हा निवृत्त सेनाधिकारी बाष्पस्नानगृहांत टॉवेल गुंडाळून बसतो, आणि शेजारीं बसलेल्या लोला जगाच्या राजकारणावर आपलीं ठाम मतें ऐकवितो. त्याचें प्रत्येक वाक्य आवेशानें सुरू होतें आणि संपेपर्यंत स्वतःलाच छेद देतें. ह्या पात्राची हकीकत लोनें पुढें स्वतःच सांगितली आहे. घोडदळाचे रणगाडादळांत रूपांतर होऊं लागलें, तेव्हां एका कर्नलानें वर्तमानपत्राला पत्र लिहून असा आग्रह धरला कीं, रणगाड्यांत बसतांनाही स्वारांनीं टांचेला आरा लावल्याच पाहिजेत! असा मनुष्य हातीं लागल्यावर चित्रकारानें तो कां सोडावा?

असे कर्नल आपल्या वडिलांनीं आणि आजोबांनीं येथील छावण्यांत आणि जिमखान्यांत प्रत्यक्ष पाहिले होते. त्यामुळें ब्लिंपची ओळख करून देण्यासाठीं आपल्याकडे टीपा द्याव्या लागत नाहींत. परंतु लोचा रोख केवळ लष्करी पेन्शनरांवर नव्हता. जग बदललें आहे हें कबूल न करणारी, विचार करण्याचे श्रम टाळून घोषणांवर समाधान मानणारी जी वृत्ति, ती त्याला दाखवावयाची होती. ती वृत्ति डाव्या पक्षांतही असते, उजव्या पक्षांतही असते, आणि वाचकाच्या घरांतही असते. ह्या चित्रांची मौज अशी कीं, त्यांना सारेच हंसले. प्रत्येकाला वाटे, ब्लिंप म्हणजे शेजारचा गृहस्थ.

आतां हुकूमशहांकडे वळूं. १९३३ च्या जानेवारींत हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत जर्मनीनें राष्ट्रसंघ सोडला. लोनें चित्र काढलें: राष्ट्रसंघाचें मंदिर पेटलेलें आहे आणि आग लावणारा हिटलर आहे, राइश्टागच्या बाबतींत जें साधलें तें येथें कां साधूं नये, असा त्याचा सवाल. लोच्या चित्रांपायीं 'ईव्हनिंग स्टँडर्ड'ला जर्मनींत बंदी झाली. १९३६ च्या जुलैमधील दुसरें एक चित्र तर आज पाहतांना अंगावर कांटा आणतें. हिटलर ताठ पावलांनीं एक जिना चढत आहे. त्या जिन्याच्या पायऱ्या म्हणजे ओणवे झालेले, कणा नसलेले लोकशाही राष्ट्रांचे पुढारी. पहिल्या पायरीवर लिहिलें आहे, शस्त्रवाढ, दुसरीवर, ऱ्हाइनप्रदेश, तिसरीवर, डँट्झिग, आणि पुढच्या पायऱ्यांवर नुसतीं प्रश्नचिन्हें. जिना जाऊन पोंचतो तो विश्वाच्या मालकीपाशीं. त्यांतील पहिल्या दोन गोष्टी तोंवर होऊन गेल्या होत्या. डँट्झिगच्या निमित्तानें महायुद्ध पेटण्यास अजून तीन वर्षें अवकाश होता.

येथेंच लोच्या कलेचें मर्म आहे. हिटलर आणि मुसोलिनी यांचीं क्रूर, रक्तानें माखलेलीं, राक्षसासारखीं चित्रें काढणारे चित्रकार पुष्कळ होते. लोचें मत असें कीं, अशा चित्रांनीं हुकूमशहांचें कांहीं बिघडत नाहीं. उलट त्यांना तीं हवींच असतात. आपण भयंकर दिसावें, लोकांनीं आपणांस भ्यावें, यावरच त्यांचें आसन उभें असतें. तेव्हां राक्षस काढणारा चित्रकार नकळत त्यांचीच चाकरी करितो. त्यांना सहन होत नाहीं तें आपलें हंसें. म्हणून लोचा हिटलर बहुधा एक फुगलेला, उतावळा, रुसणारा, थोडासा बावळट माणूस असतो. ज्याची भीति वाटते त्याला मनुष्य नमस्कार करितो. ज्याला तो एकदां पोट धरून हंसला, त्याच्यापुढें वांकतांना त्याची मान अडखळते. त्या यादींत लोचें नांव कां आलें, याचें उत्तर हें आहे.

१९३७ सालीं ह्या मताची परीक्षा झाली. त्या वर्षीं लो 'हिट आणि मस' ह्या जोडगोळीची एक चित्रमालिका काढीत होता. हे दोघे कोण, हें सांगावयास नकोच. नोव्हेंबरांत लॉर्ड हॅलिफॅक्स जर्मनीला जाऊन आले. गोबेल्सनें त्यांच्यापाशीं लोच्या चित्रांविषयीं कडक तक्रार केली. हॅलिफॅक्स परत आले ते ही गोष्ट मनावर घेऊन. त्यांनीं प्रथम पत्राच्या व्यवस्थापकाची आणि मग खुद्द लोची भेट घेतली. हीं चित्रें शांततेच्या मार्गांत धोंड होऊन बसलीं आहेत, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. हुकूम नव्हता, एका सभ्य, सज्जन मंत्र्याची विनंति होती. आणि लो नमला. महायुद्ध टळत असेल तर आपल्या चित्रापायीं तें ओढवावें, ही जबाबदारी कोणी घ्यावी? त्यानें 'हिट आणि मस' बंद केले आणि दोघांचे चेहरे मिसळून 'मझलर' नांवाचा एक तिसराच हुकूमशहा बनविला. कोणाचेंही नांव नाहीं, म्हणून कोणाची तक्रारही नाहीं.

परंतु चारच महिन्यांत, मार्च १९३८ मध्यें, हिटलरनें ऑस्ट्रिया गिळला, आणि आपल्या संयमानें शांतता विकत घेतां येत नाहीं हें लोला कळून चुकलें. त्याचा कुंचला पुन्हां मोकळा झाला. सप्टेंबरांत म्यूनिक येथें चार राष्ट्रांचे पुढारी चेकोस्लोव्हाकियाचा निकाल लावण्यास बसले, तेव्हां त्यानें दारांत उभा असलेला स्टालिन दाखविला: माझी खुर्ची कोठें आहे, असें तो विचारीत आहे. ह्याच काळांत बीव्हरब्रुक यांचीं पत्रें युद्ध होणार नाहीं असें वाचकांना ठासून सांगत होतीं, आणि त्यांपैकींच एकांत लो तें येतांना दाखवीत होता.

तें आलेंच. हिटलर आणि स्टालिन यांनीं पोलंड वांटून घेतला, तेव्हां २० सप्टेंबर १९३९ रोजीं लोचें बहुधा सर्वांत प्रसिद्ध चित्र छापून आलें. उद्ध्वस्त भूमीवर एक प्रेत पडलें आहे. त्याच्या दोन्ही बाजूंस उभे राहून ते दोघे टोप्या काढून एकमेकांस लवून अभिवादन करीत आहेत, आणि अत्यंत अदबीनें एकमेकांस तींच शिवीगाळ करीत आहेत, जी वर्षानुवर्षें ते परस्परांना देत आले होते. द्वेष आणि शिष्टाचार यांचें असें मिश्रण दुसऱ्या कोणाला क्वचितच साधलें असेल. पुढें जून १९४० मध्यें फ्रान्स पडला. १८ जूनच्या अंकांत लोचा एक इंग्रज सैनिक खवळलेल्या समुद्राच्या कांठीं खडकावर उभा आहे. आकाशांतून विमानें येत आहेत. त्यानें मूठ उगारली आहे, आणि तो म्हणतो आहे, ठीक आहे, तर मग एकटेच! ह्या चित्रांत विनोद नाहीं. पण एका राष्ट्राला त्या दिवशीं जें वाटत होतें तें त्यांत उतरलें.

आपल्या बाजूनें पाहतां ह्या 'एकटेपणा'ला एक पुरवणी जोडावी लागते. ३ सप्टेंबर १९३९ रोजींच व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनीं, येथील एकाही लोकनियुक्त पुढाऱ्याचा सल्ला न घेतां, हिंदुस्थान युद्धांत सामील झाल्याचें जाहीर करून टाकलें होतें. त्या खडकावर तो सैनिक एकटा दिसत असला, तरी त्याच्या मागें चित्राच्या चौकटीबाहेर लक्षावधि हिंदी शिपाई उभे होते किंवा लवकरच उभे राहणार होते. उत्तम व्यंगचित्रकाराच्या दृष्टीलाही चौकट असते, हें लक्षांत ठेवावें.

युद्धकाळांत ब्लिंपवर बोलपट निघाला. १९४३ सालीं तो प्रदर्शित झाला. तो निघूं नये म्हणून खुद्द चर्चिल यांनीं खटपट केली होती. लोचें नांव मंत्रिमंडळापर्यंत कसें पोंचलें होतें, याची ही आणखी एक खूण. युद्ध संपल्यावर न्युरेंबर्गच्या खटल्यास लो हजर राहिला आणि आरोपींच्या पिंजऱ्यांतील माणसांचीं त्यानें रेखाचित्रें काढलीं. ज्यांना तो बारा वर्षें कागदावर नाचवीत आला होता, त्यांतले उरलेसुरले तेथें बसले होते.

त्याच्या उत्तर आयुष्याची हकीकत फार लांबविण्याचें कारण नाहीं. इंग्लंडांतील कामगार संघांच्या महासभेसाठीं त्यानें एक थोराड, प्रामाणिक, पण मंदगति गाडीचा घोडा निर्माण केला. आपल्या सहानुभूतीच्या पक्षालाही त्यानें सोडलें नाहीं, याचें हें प्रमाण. १९५० सालीं तो मजूर पक्षाच्या 'डेली हेरल्ड'मध्यें गेला, आणि तेथून १९५३ सालीं 'मँचेस्टर गार्डियन'मध्यें. १९६२ सालीं त्याला 'सर' ही पदवी मिळाली. १९ सप्टेंबर १९६३ रोजीं लंडन येथें त्याचें निधन झालें.

त्याच्या चित्रांचा प्रवास मात्र इंग्लंडपुरता नव्हता. मद्रासच्या 'हिंदु' पत्रांत तीं पुनर्मुद्रित होत, आणि म्हैसूरमधील एक मुलगा तीं तासन् तास न्याहाळीत बसे. सहींतील अक्षरें त्याला नीट लागत नसत; कित्येक दिवस तो चित्रकाराचें नांव 'काउ' असें समजत होता. तेच पुढें मुंबईचे आर. के. लक्ष्मण. लोला आपलें स्फूर्तिस्थान मानणारे दुसरे व्यंगचित्रकार म्हणजे बाळ ठाकरे. दोघेही कांहीं काळ मुंबईच्या 'फ्री प्रेस जर्नल'मध्यें होते. पुढें लक्ष्मण 'टाइम्स'मध्यें स्थिरावले आणि ठाकरे यांनीं १९६० सालीं 'मार्मिक' काढलें. ठाकरे यांच्या कुंचल्याच्या रेषेंत लोचें वळण स्पष्ट दिसतें. लक्ष्मण यांनीं त्याच्यापासून निराळी गोष्ट उचलली. लोचा ब्लिंप अखंड बोलत असतो, आणि लक्ष्मण यांचा सामान्य माणूस कधींच तोंड उघडीत नाहीं. ज्या देशांत बोलणारे पुष्कळ झाले, तेथें मुक्या साक्षीदाराची गरज होती.

शेवटीं एक प्रश्न उरतो, आणि तो टाळतां येण्यासारखा नाहीं. लोचीं चित्रें लाखों लोकांनीं पाहिलीं, लाखों लोक हंसले, आणि तरीही तो जिना हिटलर चढलाच. मग ह्या हंसण्याचा उपयोग काय? चित्र पाहून हंसलेला मनुष्य त्या हंसण्यानेंच मोकळा होतो आणि उठून कामाला लागत नाहीं, अशी शंका पुष्कळांनीं घेतली आहे. ती अगदींच निराधार नाहीं. व्यंगचित्र सैन्य अडवीत नाहीं, कायदा करीत नाहीं, मत देत नाहीं. तें एवढेंच करितें कीं, सत्तेभोंवतीं जें वलय असतें तें फाडून आंतला माणूस दाखवितें. त्यापुढचें काम पाहणाऱ्याचें आहे, आणि १९३६ सालीं तें पाहणाऱ्यांनीं केलें नाहीं.

परंतु १९३७ च्या त्या भेटीकडे दुसऱ्या बाजूनेंही पाहावें. एका बलाढ्य राष्ट्राचा प्रचारमंत्री दुसऱ्या राष्ट्राच्या मंत्र्यापाशीं तक्रार करितो, ती सैन्याविषयीं नव्हे, तर सायंकाळच्या पत्रांतील चित्रांविषयीं. तो मंत्री सौजन्यानें चित्रकाराला विनवितो, आणि चित्रकारही सौजन्यानें मान्य करितो. कोणताही कायदा मोडला नाहीं, कोणालाही तुरुंग दिसला नाहीं. तरी चार महिने एका देशांतील हंसण्याचा आवाज कमी झाला. करारांतील तें कलम त्या चार महिन्यांतही शब्दशः शाबूत होतें. लोनें तें पुन्हां हातीं घेतलें आणि वापरलें, म्हणूनच त्याचें नांव त्या यादींत गेलें. आणि त्याच्या आयुष्यांत त्याला मिळालेल्या सर्व मानांत, शेवटीं मिळालेल्या पदवीपेक्षांही, त्या यादींतील जागा हा मान मोठा समजावा लागेल.